वलवणास सतरा माणसांचें बिऱ्हाड

मे महिना उजाडला, मुलांच्या परीक्षा आटोपल्या, म्हणजे घराघरांतून एकच प्रश्न ऐकूं येतो : यंदा हवापालटास कोठें जावयाचें? आमच्या अनुभवानें सांगावयाचें, तर हा प्रश्न मुळींच अवघड नाहीं. डोंगर पुष्कळ आहेत, आगगाड्याहि पुष्कळ आहेत. अवघड प्रश्न त्याच्या पुढचा. तेथें गेल्यावर रात्रीं कोणीं कोणत्या खोलींत निजावयाचें, हें ठरवितांना भल्याभल्या कुटुंबप्रमुखांची बुद्धि कुंठित होते. वाड्यांत राहणाऱ्यांस हा प्रश्न कधीं पडला नाहीं. माजघरांत बायकांचीं, ओसरीवर पुरुषांचीं आणि मधल्या खोलींत मुलांचीं अंथरुणें ओळीनें पडत. पाहुणा आला तर ओळ थोडी आंवळून घेत. हॉटेलांतील खोली मात्र दोघांच्या मापानें बांधलेली असते. तिच्यांत फार तर तिसरी गादी टाकतां येते. एकत्र कुटुंबास दोनांनीं किंवा तिहींनीं भागूं गेल्यास बाकी उरते. आणि ती बाकी म्हणजे कोण, हें आम्हांस वलवणास जाण्याच्या खटपटींत कळलें. तीच हकीगत वाचकांपुढें ठेवीत आहों.

आमचें घर नारायण पेठेंतलें. वाडा आतां पाडावयाचा आहे व त्या जागीं उंच इमारत व्हावयाची आहे. तिच्यांत आम्हां तिघां भावांस तीन सदनिका मिळावयाच्या आहेत. वाडा रिकामा करण्यापूर्वीं सर्वांनीं कांहीं दिवस एका ठिकाणीं काढावे, अशी आईची इच्छा होती. आमची बहीण यजमान व दोन मुलांसह न्यू जर्सीहून पांच वर्षांनीं आली होती. असा योग पुन्हां केव्हां यावयाचा, कोणीं सांगावें? मोजदाद केली ती अशी : आई, वय ८४, वडिलांची धाकटी बहीण म्हणजे आमच्या आत्या, वय ७६, आम्ही तिघे बंधु सपत्नीक, बहीण व मेहुणे, आणि मुलें सात. मुलें म्हटलें खरें, पण त्यांतलीं सर्वांत मोठीं दोघें १७ वर्षांचीं, आणि सर्वांत लहान आमचे चिरंजीव, तेहि १३ वर्षांचे. एकूण माणसें सतरा.

वलवण निवडण्याचें कारण असें. आईस लांबचा प्रवास झेपत नाहीं. पुण्याहून लोणावळें अवघें ६४ किलोमीटर; लोकल गाडी थेट जाते; आणि उंची सुमारें ६२५ मीटर असल्यामुळें वैशाखांतहि तिन्हीसांजेला थंड वारा सुटतो. वलवण हें त्याच लोणावळ्याचें पुण्याच्या अंगास असलेलें उपांग. दुसरें कारण आठवणीचें. लोणावळ्यास हवापालटास जाण्याची चाल रेल्वेबरोबर आली. पुणें–खंडाळा लोहमार्ग १८५८ सालीं सुरू झाला. बोरघाटाचा अवघड चढ १८६३ सालीं पुरा झाला. मग मुंबईचे धनिक येथें बंगले बांधूं लागले. पुढें टाटांच्या जलविद्युत् योजनेनें या भागाचें रूप पालटलें. जमशेटजी टाटा १९०४ सालीं वारले. त्यांच्या मनांतली ही कल्पना त्यांच्या मागें त्यांच्या चिरंजीवांनीं तडीस नेली. लोणावळें, वलवण व शिरवटें येथें पावसाचें पाणी अडवून तें घाटाखालीं खोपोलीस सुमारें ५०० मीटर खालीं सोडलें, आणि १९१५ सालीं त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालूं लागल्या. हें पाणी मूळचें इंद्रायणीच्या खोऱ्यांतलें. भीमा, कृष्णा करीत तें पूर्वसमुद्रास जावयाचें. आतां तें घाट उतरून पाताळगंगेंतून पश्चिमसमुद्रास मिळतें.

वडील व आत्या लहान असतां आमचे आजोबा याच वलवणांत एका बंगल्याचा अर्धा भाग मे महिन्यापुरता भाड्यानें घेत. पुण्याहून स्टोव्ह, परात, तांदळाचें पोतें, वळकट्या असा सारा संसार बरोबर जाई. त्या बिऱ्हाडाच्या पुष्कळ गोष्टी आम्हीं लहानपणीं ऐकल्या. करवंदांच्या, जांभळांच्या, धरणाच्या भिंतीच्या. खोल्या किती होत्या, हें मात्र कोणीं सांगितल्याचें आठवत नाहीं.

व्यवस्थेचें काम घरांत नेहमीं आमच्याकडे असतें. आम्हीं कागद घेतला, रेघा मारल्या, आणि अर्ध्या तासांत तक्ता तयार केला. खोल्या सहा. पहिलींत आई, थोरल्या बंधूंची १७ वर्षांची कन्या, आणि जादा गादीवर आत्या. पुढच्या चार खोल्यांत चार जोडपीं, आणि प्रत्येकीच्या पायथ्याशीं जादा गादीवर ज्याचें त्याचें एक अपत्य. सहावींत आमचा १७ वर्षांचा भाचा व आमचे चिरंजीव. सहा खोल्या, पांच गाद्या, सतरा माणसें. हिशोब असा चोख जुळला कीं, आम्हांस स्वतःचेंच कौतुक वाटलें.

तक्ता जेवणाच्या वेळीं वाचून दाखविला, तेव्हां मोठी माणसें कांहीं बोललीं नाहींत. आमच्या घरीं मोठीं माणसें अशा वेळीं बोलत नाहींत, नंतर बोलतात. मुलें मात्र एकदम बोललीं. आमची १५ वर्षांची कन्या म्हणाली, "बाबा, तीन रात्री मी तुमच्या पायथ्याशीं निजूं? मग सुट्टी ती कसली?" धाकट्या बंधूंच्या १६ वर्षांच्या चिरंजीवांनीं तर, आपण त्यापेक्षां वाड्यांतच राहतों, असें जाहीर केलें. थोरल्या पुतणीनें कागद मागून घेतला व शांतपणें विचारलें, "काका, हें करण्यापूर्वीं तुम्हीं कोणाला विचारलें होतें?" आम्हीं कोणासच विचारलें नव्हतें. माणसें मोजलीं होतीं.

त्या मुलीनें मग जें केलें, तें आम्हीं इतकीं वर्षें व्यवस्थापकी करूनहि कधीं केलें नव्हतें. तिनें वहीच्या कागदाचे सतरा तुकडे केले व प्रत्येकास एक दिला. "कोणाबरोबर राहावयास आवडेल, आणि काय नको, एवढेंच लिहा. मी कोणाला दाखविणार नाहीं." चिठ्ठ्या परत आल्या, तेव्हां बरीच उलथापालथ झाली. वहिनी, आमच्या सौभाग्यवती, धाकटी भावजय व बहीण, या चौघींनीं एकमेकींचीं नांवें लिहिलीं होतीं. पांच वर्षांत नणंद-भावजयांस रात्रीच्या गप्पा मिळाल्या नव्हत्या. आणि नवऱ्यांची संगत काय, ती घरीं आहेच! पुरुषांपैकीं तिघांनीं फक्त "घोरणारा नको" असें लिहिलें होतें. चौथ्यानें कांहींच लिहिलें नव्हतें, तो कोण तें सर्वांस कळलें. मुलींस मुलींत व मुलांस मुलांत राहावयाचें होतें. आईनें लिहिलें होतें, "नाती जवळ असाव्यात."

आत्यांची चिठ्ठी पुतणीनें आम्हांस एकट्यास दाखविली. तीवर ठळक, वळणदार अक्षरांत, जशीं फळ्यावर काढीत तशीं, एवढेंच होतें : "जेथें जागा उरेल तेथें. कांहीं नको."

"काका," ती म्हणाली, "तुमच्या तक्त्यांतहि हेंच आहे."

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. आत्यांनीं लग्न केलें नाहीं. मुलींच्या शाळेंत त्यांनीं ३४ वर्षें गणित शिकविलें; पगार आधीं आमच्या आजोबांच्या व मग वडिलांच्या हातीं दिला; आम्हां चौघां भावंडांचे अभ्यास त्यांच्यापुढें झाले. वाड्यांत त्यांचें अंथरूण आईच्या खोलींत, दाराजवळ. त्यापूर्वीं आजीच्या खोलींत, दाराजवळ. कोणी आजारी पडलें, बाळंतीण आली, पाहुणे वाढले, कीं आत्यांचें अंथरूण आपोआप हलत असे. तें हलविण्याविषयीं त्यांस कोणीं विचारल्याचें, किंवा त्यांनीं तक्रार केल्याचें, आमच्या स्मरणांत नाहीं. आम्ही हें त्यांच्या स्वभावाचें मोठेपण समजत होतों. तसें तें होतेंहि. पण दुसऱ्याच्या मोठेपणावर आपली सोय लावणें हें फार सोपें असतें, हें त्या चिठ्ठीनें आमच्या ध्यानांत आलें.

पुतणीनें त्यांना पुन्हां विचारलें. बराच वेळ त्या कांहीं बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "एक खोली. तलावाकडे खिडकी असेल तर बरी. आणि पहाटें दिवा लावून वाचीत बसलें, तर कोणाची झोंप मोडूं नये, एवढें."

यावर घरांत दोन दिवस वाद झाला, तोहि सांगितला पाहिजे. थोरले बंधु स्वभावानें प्रेमळ. पण त्यांचें म्हणणें असें कीं, ७६ वर्षांच्या बाईनें परक्या ठिकाणीं एकटें निजणें बरें नव्हे. रात्रीं चक्कर आली, न्हाणीघरांत पाय घसरला, तर? हें म्हणणें अगदींच खोटें नव्हतें. दुसरी गोष्ट खर्चाची. पहिलीस पुतणीनेंच तोड काढली : आत्यांची व मुलींची खोली शेजारशेजारची आणि मधें दार असलेली घ्यावी, दाराची कडी आत्यांच्या बाजूनें उघडी राहावी. दुसरीचा निकाल आत्यांनीं स्वतः लावला. नव्या तक्त्यांत बायकांच्या दोन खोल्या, पुरुषांच्या दोन, मुलांची एक, मुलींची एक, आईची एक, आत्यांची एक, अशा आठ खोल्या झाल्या. पण जादा गाद्या पांचांच्या दोनच राहिल्या, एक मुलांच्या खोलींत तिसऱ्यासाठीं आणि एक आमच्या खोलींत आमच्या चिरंजीवांसाठीं. त्या हॉटेलांत गादीचा दर खोलीच्या तिसऱ्या हिश्शाइतका होता. "तीन गाद्या वांचल्या म्हणजे एक खोली वांचली," आत्या म्हणाल्या. "तेव्हां वाढली ती एकच खोली. तिचे तीन रात्रींचे पैसे मी पेन्शनींतून देईन." बंधु रागावले, घरच्या माणसाकडून पैसे घ्यावयाचे कीं काय? आत्यांनीं शांतपणें सांगितलें, "माझी खोली म्हणावयाची, तर पैसे माझेच हवेत." यापुढें कोणी बोललें नाहीं.

वाचकांपैकीं ज्यांस असें बिऱ्हाड न्यावयाचें असेल, त्यांच्यासाठीं चार व्यवहाराच्या गोष्टी येथें लिहितों. शनिवार-रविवार टाळावा, आम्ही मंगळवारीं गेलों व शुक्रवारीं परतलों, त्यामुळें दर पुष्कळ उतरला. बारा वर्षांवरील मुलास बहुतेक ठिकाणीं पुरें माणूस धरतात, हें आधींच विचारून घ्यावें. मोठा कौटुंबिक कक्ष घ्या, असा हॉटेलवाल्यांचा आग्रह असतो. पण दिवसास ७,५०० रुपयांवर दर गेल्यास शेंकडा १८ कर पडतो, आणि तेथपर्यंतच्या खोलीवर सप्टेंबर २०२५ पासून शेंकडा ५ च. तेव्हां एका मोठ्या कक्षापेक्षां दोन साध्या खोल्या कित्येकदां स्वस्त पडतात. प्रत्येक प्रौढाचें ओळखपत्र बरोबर ठेवावें. परदेशी पारपत्र असलेला पाहुणा असल्यास त्याची खबर हॉटेलवाल्यास २४ तासांच्या आंत शासनास द्यावी लागते, म्हणून तें पारपत्र पेटीच्या तळाशीं नसावें. आणि सर्वांत महत्त्वाचें : फोनवर "होईल, होईल" म्हणतात त्यावर विसंबूं नये. तळमजला, शेजारच्या खोल्या, मधलें दार, जें हवें असेल तें लेखी मागून घ्यावें.

या शेवटच्या उपदेशाचें मोल आम्हीं जागेवरच दिलें. सकाळच्या लोकलनें निघालों. कामशेत मागें पडलें, मळवलीस डाव्या हातास लोहगड व विसापूर दिसले, आणि आईनें दोन्ही गडांस खिडकींतूनच हात जोडले. साडेअकराला हॉटेलांत पोंचलों. खोल्या मिळण्याची वेळ दोनची, हें ठाऊक होतें. परंतु दोनला जेव्हां किल्ल्या आल्या, तेव्हां पांच खोल्या तलावाकडील रांगेंत तळमजल्यावर, आणि तीन मागच्या इमारतींत दुसऱ्या मजल्यावर. त्या मागच्या तिहींत आईची व मुलींची खोली होती. जिना उंच, पाळणा बंद. कारकून म्हणाला, नांवें रजिस्टरांत चढलीं, आतां बदल होत नाहीं. आम्हीं आवाज चढविला. त्याचा कांहीं उपयोग झाला नाहीं. पुतणीनें मात्र हॉटेलकडून आलेलें पत्र काढून त्याच्यापुढें धरलें व म्हणाली, "नवी खोली नको. पुरुषांच्या दोन व मुलांची एक मागें घाला, बाकीच्या पांच पुढें. नांवें मी लिहून देतें." दीड तास गेला, पण झालें तसेंच. आम्ही चौघे कर्ते पुरुष व चार मुलगे मागच्या इमारतींत वर चढलों, आणि बायका तलावाकाठीं राहिल्या.

वलवणचा तलाव वैशाखांत आटलेला असतो. कडेची तांबूस माती उघडी पडते, मध्यें निळें पाणी, आणि पलीकडे डोंगर. धरणाच्या अलीकडे वस्ती आतां फार वाढली आहे. बंगले, हॉटेलें, आणि रात्रभर द्रुतगति मार्गावरच्या गाड्यांची घरघर. तरी पहाटें अर्धा तास असा असतो कीं, पक्ष्यांवांचून कांहीं ऐकूं येत नाहीं. विजेसाठीं अडविलेलें हें पाणी. त्यांत उतरणें म्हणजे खेळ नव्हे. मुलग्यांस स्वतंत्र खोली देतांना आम्हीं एकच अट घातली होती : न सांगतां पाण्याकडे जावयाचें नाहीं. ३० जून २०२४ रोजीं येथून जवळच, भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यांत, सहलीस आलेल्या एकाच कुटुंबांतील पांच जण वाहून गेले. तें आम्हीं त्यांस लपवून न ठेवतां सांगितलें. धाक घालण्यापेक्षां खरें सांगणें बरें. मुलांनीं अट पाळली. रात्रीं दोनपर्यंत पत्ते कुटले, ती गोष्ट वेगळी.

गुरुवारीं आई व वहिनी सोडून आम्ही सर्व भाजें येथील लेणीं पाहावयास गेलों. एकच स्टेशन मागें, मळवलीस उतरावें लागतें. इसवी सनापूर्वीं दुसऱ्या शतकापासून हा डोंगर कोरला गेला. चैत्यगृहाची कमान तर पाहण्यासारखी आहेच. पण आमचीं मुलें रमलीं तीं विहारांत. मध्यें दालन, भोंवतीं लहान लहान खोल्या, आणि आंत दगडाचाच ओटा, निजावयास. पावसाळ्यांत भिक्षूंनीं हिंडूं नये, एका जागीं राहावें, असा नियम होता. त्यांच्या मुक्कामासाठीं हे विहार. आत्या हळूहळू पायऱ्या चढून वर आल्या. एका खोलीच्या उंबऱ्याशीं उभ्या राहून त्यांनीं आंत पाहिलें व म्हणाल्या, "सर्वसंगपरित्याग केलेल्यांनासुद्धां खोली लागत होती, नाहीं का?" मुली हंसल्या. आम्हांस हंसूं आलें नाहीं.

परततांना त्यांनीं आम्हांस लहानपणच्या वलवणची एक गोष्ट सांगितली. त्या बंगल्यांत त्यांचें अंथरूण स्वयंपाकघराच्या दारांत असे. पहाटें बंब पेटवावयास त्यांस उठवीत. महिनाभर राहूनहि तलावावर ऊन येतांना त्यांनीं कधीं पाहिलें नव्हतें. "आज पाहिलें," एवढेंच म्हणाल्या.

आतां आईची गोष्ट. पहिल्या रात्रीं नात जवळ असूनहि तिला झोंप आली नाहीं. "वन्सं कोठें आहेत?" असें तिनें दोनदां विचारलें. पन्नासाहून अधिक वर्षें दोघी एका घरांत, आणि वडील गेल्यापासून एका खोलींत. आम्हीं सर्वांनीं आत्यांचा विचार केला, पण त्यांच्यावांचून आईचें काय होईल, हें कोणाच्याच ध्यानांत आलें नव्हतें. दुसऱ्या दिवशीं पहाटें आई उठली, शाल घेतली, आणि आत्यांच्या दाराशीं जाऊन उभी राहिली. आमच्या कन्येनें हें पाहिलें. आईनें आधीं दार ढकललें नाहीं; वाजविलें. आंतून आत्या म्हणाल्या, "या वहिनी, बसा." आई खुर्चीवर बसली. आत्यांनीं किटलींत पाणी ठेवून स्वतः चहा केला. दोघी खिडकीशीं तासभर बसल्या. पुढच्या दोन्ही पहाटे हाच क्रम चालला, आणि आई म्हणाली कीं, इतक्या वर्षांत वन्संकडे चहाला जाण्याचा योग हा पहिलाच.

शुक्रवारीं चिक्कीचे पुडे घेऊन परतलों. रविवारीं थोरल्या बंधूंनीं नव्या इमारतीचा नकाशा दिवाणखान्यांत पसरला. तीन सदनिका, प्रत्येकींत खोल्यांवर आमचीं, मुलांचीं, आईचें, अशीं नांवें पेन्सिलीनें लिहिलेलीं. आत्यांचें नांव कोठेंहि नव्हतें. आई जेथें असेल तेथें त्या, असें सर्वांनींच गृहीत धरलें होतें. बंधूंनीं पेन्सिल उचलली, आणि मग खालीं ठेवली. "थांबा," ते म्हणाले, "आधीं विचारूं या." त्यांनीं पुतणीस हांक मारली व वहीचा एक कागद आणावयास सांगितला.